मामीची माती आणि माझे दोन शब्द

गेल्या उन्हाळ्यात मी एका बाईची माती अडवली. भाषण करून.

तसा मी तिच्याच बाजूनं बोललो होतो. हे सांगून आता काही उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, एवढा मास्तर माझ्यात अजून शिल्लक आहे. त्या दिवशी गावातले जवळजवळ सगळेच तिच्या बाजूनं होते. मी उभा राहिलो, बोललो, आणि खाली बसेपर्यंत त्यातले निम्मे उरले नव्हते. सगळी नोकरी वर्गात बोलण्यात गेली, पण माझ्या बोलण्यानं कुणाचं मत तसूभर हललं नव्हतं. ती किमया आयुष्यात एकदाच साधली, आणि ती अशी.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. आमच्याकडं हा विषय कुणी घेत नाही, तो मिळतो. इतिहासाच्या जागा भरल्या, भूगोलाच्या भरल्या, की उरलेली पोरं माझ्याकडं पाठवून द्यायचे. त्यांना मी मानवी हक्कांचा तात्त्विक पाया शिकवायचो. माणसाला हक्क असतात ते कशाच्या जोरावर? देवानं दिले म्हणून, निसर्गानं दिले म्हणून, माणसाला बुद्धी आहे म्हणून, की सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं म्हणून? असे चार खांब मी फळ्यावर काढायचो आणि त्यांच्यावर एक छप्पर. छप्पर दरवर्षी वाकडं यायचं. पोरं ते वाकडंच वहीत उतरवून घ्यायची. प्रश्न मात्र कुणी विचारायचं नाही. एकदा शेवटच्या बाकावरून हात वर झाला. मला इतका आनंद झाला की खडू हातातून पडला. पोरगा म्हणाला, "सर, पंखा लावू का?"

डिसेंबरात मानवी हक्क दिन आला की भाषण माझंच. पानं दरवर्षी तीच. घड्यांवरची अक्षरं पुसून गेली होती, पण तिथं काय होतं ते मला पाठ होतं आणि ऐकणाऱ्यांना फरक पडत नव्हता.

निवृत्त झालो आणि नांदूरघाटच्या रस्त्यावरून आत असलेल्या आमच्या गावी येऊन राहिलो. वडिलांचं थोडं रान होतं, तेही खडकाळ. पहिल्या वर्षी मी त्यात तूर पेरली आणि दगड काढले.

अशा रानाला औषध एकच, मेंढ्या बसवणं. रब्बीची ज्वारी निघाली की मेंढपाळांची बिऱ्हाडं घोड्यांवर सामान लादून आमच्या भागात उतरतात. दिवसभर मेंढ्या चारायच्या आणि दिवस मावळताना ठरलेल्या शेतात त्यांच्याभोवती जाळीची वाघर लावायची. दोन-चार रात्री कळप बसला की लेंड्यांचा असा थर पडतो की पुढची दोन वर्षं ती जमीन उपकार विसरत नाही. बदल्यात मेंढपाळाच्या घरात दाणे जातात, पण ते सगळेच देतात. खरी गोष्ट पाळीची. पावसाळ्याच्या आत रात्री मोजक्या, रानं पुष्कळ. कळप आधी कुणाच्या रानात बसणार, कुणाच्या नंतर आणि कुणाच्या बसणारच नाही, यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात.

आमच्या गावात ही पाळी मामी ठरवायची. मेंढपाळ मामा आणि त्यांची बायको मामी. गावातली सगळी, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा, त्यांना मामा-मामीच म्हणायची. मामा मेंढरांमागं जायचा, मामी बिऱ्हाडापाशी बसून न्याय करायची. बायका तिच्यासाठी लोणचं घेऊन यायच्या, ती ते ठेवून घ्यायची आणि पाळी तरी आपल्या मनानंच द्यायची. ती माणसांना नावानं ओळखत नसे, रानावरून ओळखायची. एक पाणथळ चिबडाचा, एक बोरीचा, एक नाल्याकडचा. मी खडकाचे सर. पहिल्या वर्षी ती माझं रान बघायला आली. दोन-तीन ठिकाणी टाच रुतवून बघितली, ती रुतेना. मग म्हणाली, "सर, हितं मेंढरं न्हाई, हत्ती बसवावं लागतेल." तरी तिनं मला पाळी दिली, आणि पुढं दरवर्षी देत गेली.

गावाच्या गायरानात एक जुना लिंब आहे. त्याच्या बुडाशी दगडांचा एक लहानसा ढीग. मामीचा थोरला मुलगा. फार वर्षांपूर्वी असाच उन्हाळ्यात तळ पडलेला असताना तापानं गेला. तेव्हाच्या कारभाऱ्यांनी "घाला तिकडं लिंबाखाली" म्हणून हात केला होता, आणि विषय संपला होता. लहान लेकराच्या मातीला कुणी कागद विचारत नाही. मामी दरवर्षी गावात आली की आधी तिथं जायची, घसरलेले दगड नीट रचायची आणि मग बिऱ्हाड मांडायला लागायची.

मे महिन्यातली सकाळ होती. मी ओट्यावर चहा घेत होतो. मामा आला, चपला काढून पायरीखाली उभा राहिला.

"सर, मंडळी गेली."

मामीला ऊन लागल्याचं निमित्त झालं होतं. तीन दिवस अंगावर काढलं, चौथ्या दिवशी पहाटे संपलं. मी कप खाली ठेवला. तो पुढं म्हणाला.

"तिला लिंबाखाली लेकराजवळ ठिवावं म्हणतो. आमच्यात जाळीत न्हाईत, माती देतेत. सरपंच म्हणले, गायरान गावाचं हाय, चार लोकायला इचारून घेऊ. तुमी बी चला."

"येतो ना मामा. मी बोलतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. आता वाटतं, तेव्हाच त्याला शंका आली असावी.

"लई बोलू नका. एवढंच म्हणा, ह्या बाईच्या मेंढरायनं गावातलं एक रान सोडलं न्हाई. ती आपली हाय. बस. मंग घालतेल लोकं."

मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर मनात नाक मुरडलं. 'आपली आहे' हा काय मुद्दा झाला? परीक्षेत कुणी एवढंच लिहिलं असतं तर मी दहापैकी दोन दिले असते, तेही अक्षरासाठी. माझ्या चार खांबांत 'आपली' कुठंच नव्हतं. लेंडीखताच्या बदल्यात कबर? आयुष्यभर ज्याचा पाया शिकवला त्या गोष्टीचं असं वाटोळं माझ्या डोळ्यांदेखत होणार होतं आणि ते थांबवणं माझं काम होतं.

म्हणून मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि कपाटातून डिसेंबरची पानं काढून खिशात ठेवली. बायको तोवर पाण्याची घागर घेऊन मामीच्या पालावर जाऊन आली होती. गावातल्या बायकांनी मिळून मामीला न्हाऊ घातलं होतं. बायकोचे डोळे सुजलेले होते. मला दारात बघून ती थबकली.

"आवं, मातीला चाललाव का कॉलेजात?"

मारुतीच्या पारावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. ऊसतोडीला गेलेले सगळे महिन्यापूर्वीच परत आले होते, त्यामुळं गाव भरलेलं होतं. मी पोचलो तेव्हा काम जवळजवळ झालं होतं. गावातले सगळ्यांत वयस्कर आबा काठी आपटून म्हणत होते, "त्यात इचारायचं काय? लेकरू तिथंच हाय. घाला की मायला लेकराजवळ." "तिच्या मेंढरायनं कुणाचं रान सोडलंय?" मागून कुणीतरी म्हणालं. माना हलत होत्या. दोन माणसं पहार आणि फावडं घेऊन लिंबाकडं निघूनही गेली होती. पाराच्या कडेला एक गोठेवाला बसला होता. त्याचा गोठा गायरानातच आहे, तो कसा आला ते गायरानालाच माहीत. तो म्हणाला, "घाला, पर माझ्या गोठ्याच्या अलीकडं नको."

"लिंब कुटं अन् तुझा गोठा कुटं, बे!" आबा म्हणाले. लोक हसले. गोठेवालाही हसला. मयताच्या दिवशी माणसं हसतात तसं, जरा खाली बघून.

झालं होतं. सरपंच उठले. माझा जुना विद्यार्थी, उरलेल्या पोरांपैकीच एक. "चला मंग," असं म्हणणार तेवढ्यात त्याला मी दिसलो. इस्त्रीचा शर्ट, खिशात पानं. त्याच्यावर मीच कधीतरी मोठ्यांना मान देण्याचे संस्कार केले असतील.

"सर आलेत. सर, दोन शब्द."

इथं मी "काय बोलायचं, चला" म्हणालो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. मी चष्मा पुसला.

काय बोललो ते मला दुर्दैवानं शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, मित्रहो, आता इथं मेंढ्यांचा उल्लेख झाला, ओळखीचा झाला. पण हा प्रश्न ओळखीचा नाही. ती आपली कोण होती हे आज विसरा. ती माणूस होती, एवढं पुरे आहे. कुठलाही माणूस, कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा, ओळखीचा असो वा नसो, मेल्यावर सन्मानानं मातीत जाण्याचा त्याला हक्क आहे. हा हक्क आपण देत नाही. जो हक्क कुणी दिलेला नाही, तो कुणी काढूनही घेऊ शकत नाही.

शेवटच्या वाक्यावर डिसेंबरात टाळ्या पडतात. इथं पडल्या नाहीत. मग गोठेवाला म्हणाला, "सर, कुटलाबी माणूस?"

आणि मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. वीस पावलांवर त्या बाईचा देह पालात पडलेला, ऊन चढत चाललेलं, आणि मला आनंद झाला, कारण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला प्रश्न विचारला होता. तोही मुद्द्याचा.

"कुठलाही," मी म्हणालो.

"म्हंजी उद्या दुसऱ्या गावच्यानं त्याचं मयत आणलं तरी?"

"तत्त्वतः, हो."

"अन् ते खडी केंद्रावरचे परमुलखातले?"

"ती माणसं नाहीत का?"

"हायेत की. म्हणून तर इचारायलो."

पारावर हालचाल सुरू झाली. माणसं मांडी बदलून बसली. सरपंचांनी माझ्याकडं हात करून काहीतरी खुणावलं, मला वाटलं ते 'छान' म्हणतायत.

"अन् ह्यो हक्क गावाला बी काढून घेता यीत न्हाई?" गोठेवाल्यानं विचारलं.

"गावालाही नाही."

"मंग आमाला कावून इचारायलाव?"

हा प्रश्न मला कुठल्याही सेमिनारमध्ये कुणी विचारला नव्हता. हक्क जर आम्ही देतच नाही, तर आमची परवानगी कशाला? मी थरारून गेलो. मी सांगितलं की देणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. सूर्य आहे तो आपण मान्य केला म्हणून आहे असं नाही, पण डोळे मिटून घेतले तर आपल्यापुरता अंधार होतो. दृष्टांत बरा होता. मी तो आणखी फुलवला. मधे आबांनी दोनदा काठी आपटली. "सर, बसा खाली. ऊन वाढायलं." मी म्हणालो, "आबा, एवढा मुद्दा पुरा करतो."

मुद्दा पुरा झाला तेव्हा गाव घाबरलेलं होतं.

त्यांचं काय चुकलं? मामीला जागा द्यायला कुणाची ना नव्हती. ती मामी होती. पण मी मामीला बाजूला सारून तिच्या जागी 'कुठलाही माणूस' आणून उभा केला होता, आणि तो कोण, कुठला, किती जण, उद्या किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. गोठेवाला हळूच म्हणाला, "हक्क म्हणलं की सातबारा आला. आज थडगं, उद्या वटा, परवा वट्यावर पत्रे." या विषयातला तो जाणकारच. त्याच्या तोंडून ही भीती ऐकताना कुणालाही हसू आलं नाही, कारण तोवर ती सगळ्यांचीच झाली होती.

सरपंच म्हणाले, "सर शिकलेले हायत. कायद्यात असल्याबिगर बोलणार न्हाईत. तलाठ्याला इचारून घिऊ." त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. तलाठी सरळ माणूस. तो म्हणाला, गायरानाच्या जागेवर हक्काचा विषय असेल तर लेखी द्या, मी वर विचारतो. आज उत्तर येईल का? आज कसं येईल?

मामा पाराच्या टोकाला उभा होता. एवढ्या उन्हात खांद्यावर घोंगडं, पायात काही नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. दुसऱ्याच्या पिकात शिरलेल्या मेंढीकडं बघावं, तसं.

मी त्याला म्हणालो, "मामा, मी आत्ता तालुक्याला जातो. अर्ज देतो, साहेबांना भेटतो. दुपारच्या आत येतो."

"जावा," तो म्हणाला.

रस्त्यावर केजकडं जाणारी जीप उभी होती. जीप भरल्याशिवाय निघत नाही, हा आमच्याकडचा अबाधित नियम. मी ड्रायव्हरला म्हणालो, "लवकर काढ बाबा, मयत झालंय."

त्यानं लगेच चावीला हात घातला. "कोण गेलं सर? घरचं हाय का?"

"घरचं नाही."

"भावकीतलं?"

"नाही. तसं कुणी नाही."

त्यानं चावीवरचा हात काढला. "मंग बसा. दोन शिटा आल्या की निगू."

मी बसलो. दोन शिटा यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी मांडीवर अर्ज लिहून काढला, फार चांगला झाला. त्यात चारही खांब आले.

तालुक्याला एका टेबलावर एका शांत, वयस्कर कारकुनानं तो अर्ज पूर्ण वाचला. माझं लिहिलेलं इतकं लक्ष देऊन कुणी वाचलं नव्हतं. मग त्यानं खालची मोकळी जागा दाखवली. "अर्जदाराचं मयताशी नातं लिहा."

मी पेन धरून बसलो. काय लिहायचं? माणुसकीचं? ते लिहिण्याची माझ्यासारख्याचीही छाती झाली नाही. मामी म्हणायचो, पण मामी नव्हती. ती माझ्या रानात दरवर्षी मेंढरं बसवायची, हे लिहिता आलं असतं. नेमकं तेच तर मी सकाळी पुसून टाकलं होतं.

"रिकामं ठेवू नका सर."

मी लिहिलं, 'काही नाही'.

त्यानं आवक शिक्का मारला, पोच दिली आणि अगदी मायेनं म्हणाला, "सर, गाव हो म्हणालं असतं तर हे इथं यायचं कामच नव्हतं."

"गाव हो म्हणालं होतं."

"मग?"

"मग मी बोललो," मी सांगितलं.

परत आलो तेव्हा चार वाजले होते. पाराजवळ कुणी नव्हतं. गायरानात लिंबाखाली, दगडांच्या ढिगाला लागून, गुडघाभर खोल खड्डा होता. तो त्या दोघांनी, मी बोलत असताना, खणला होता. पहार तशीच रोवलेली होती. पालाच्या जागी सारवलेली चौकट आणि चूल.

बायको ओट्यावर बसून होती.

"गेले का?" मी विचारलं.

"मंग काय ठिवतेत का? दुपार झाली. मामा म्हणले, आता तिला आणिक तिष्ठत ठिवू नका."

पाटोद्याच्या पलीकडं त्यांचं मूळ गाव होतं. तिथं मामाच्या पुतण्याचं रान. घर म्हणून चार भिंती. मामी त्या गावात लग्नात चार दिवस राहिली असेल, तेवढीच. तिथलं एकही रान ती ओळखत नव्हती.

"नेलं कशात?"

"टेंपोत. वल्ली पोती टाकली, लिंबाचा पाला टाकला."

"टेंपो कुणाचा?"

तिनं गोठेवाल्याचं नाव घेतलं. त्याचाच टेंपो, आणि तोच चालवत गेला. डिझेलचा विषय मामानं काढला तर अंगावर ओरडला म्हणे. टेंपो सुरू करताना रडत होता.

मला पटेना. "त्यानंच तर सगळे प्रश्न काढले!"

"प्रश्न काढला त्यानं," बायको म्हणाली. "पर जबाब कुणी देला?"

पुढचा सगळा पावसाळा मी स्वतःला समजावण्यात घालवला. माझ्याकडं वेळ होता, आणि समजावण्याचा धंदाच होता.

एक समजूत अशी निघाली की, मामा बरोबर आणि मी चूक. हक्काला पाया असलाच तर तो एवढाच, कुणीतरी तुम्हाला ओळखतं. तुमच्या मेंढरांनी त्याचं रान पिकवलं आहे, त्याच्या बायकोनं तुम्हाला न्हाऊ घातलं आहे. बाकी चार खांब फळ्यावरचे, ते ओल्या फडक्यानं पुसतात. हे पटून मी काही दिवस नम्रपणे हिंडलो. मग एकदा खडी केंद्रावरून येताना एक बाई दिसली, पाठीशी बांधलेलं लेकरू, डोक्यावर दोन हंडे. ती कुठली, मला माहीत नाही. गावात तिला कुणी ओळखत नाही. तिनं कुणाच्या रानात काही बसवलेलं नाही. तिचं कुणी गेलं तर पारावर उभं राहून कुणी काय म्हणायचं? 'आपली आहे' म्हणता येणार नाही. तिच्यासाठी फक्त माझं भाषण उरतं. ज्याला काहीच नाही, कुणीच नाही, त्याच्यासाठीच तर ते भाषण शोधून काढलेलं आहे.

आणि त्या भाषणात किती जोर आहे, ते मी बघून बसलो होतो.

म्हणजे जो पाया टिकतो तो सगळ्यांना पुरत नाही, आणि जो सगळ्यांना पुरतो त्यावर गुडघाभर खड्डासुद्धा उभा राहत नाही. यातून वाट काढणारा एखादा पाचवा खांब असेलही. मला सापडला नाही. मी शोधायचंही सोडून दिलं. संध्याकाळी लिंबाकडं फिरायला जायचो ते बंद केलं, बायको विचारायची तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

डिसेंबरात कॉलेजातून बोलावणं आलं. नाही म्हणावं असं ठरवलं होतं, पण गेलो. तीच पानं, तीच घडी. 'जो हक्क कुणी दिलेला नाही, तो कुणी काढूनही घेऊ शकत नाही' यावर टाळ्या पडल्या. नंतर निवेदिकेनं विचारलं, कुणाला काही प्रश्न? कुणालाच नव्हता. मला हायसं वाटलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली त्याचीच आता धास्ती बसली होती.

यंदा ज्वारी निघाल्यावर कळप आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. पण मेंढरांना चारा लागतो, आणि आमच्याइतकी उघडी रानं दुसरीकडं कुठं? मामा खूप वाळला होता. तो पूर्वीसारखाच मेंढरांमागं जात होता. बिऱ्हाडापाशी आता त्याची सून, धाकट्या मुलाची बायको, बसत होती. पाळी तीच ठरवत होती. पहिली पाळी तिनं गोठेवाल्याला दिली, दुसरी आबांना. मग सरपंच, मग बोरीचा, मग नाल्याकडचा. पंधरा दिवस गेले. आमच्या बांधाच्या अलीकडच्या रानात कळप बसला, मग पलीकडच्या रानात बसला. मधलं माझं रान कोरडं राहिलं.

बायको म्हणाली, जाऊ नका. मी गेलो. सून भाकरी थापत होती. मी उभा राहून घसा साफ केला, मग आठवण झाली आणि खाली बसलो.

"सूनबाई, आमच्या रानाचं काही जमतंय का? दोन रात्री बसवल्या तरी चालेल."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. वर बघितलं नाही.

"न्हाई जमणार, सर."

"का गं? मामी दरवर्षी बसवायची."

"तवाचं तवा गेलं."

"माझं काही चुकलं असेल तर सांग," मी म्हणालो. चुकलं होतं ते मला माहीत होतं, गावाला माहीत होतं, तिला तर होतंच. तरी मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे निदान त्यावर बोलता आलं असतं.

तिनं हाताचं पीठ झटकलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"तुमच्या रानात बसवून काय करावं, सर? आमच्यातलं कुणी मेलं तर तुमी भाषण करताव."